उडवू नका, बसून राहा: थंडी सरताना पक्षी बघायला आणि टिपायला शिकणाऱ्यांसाठी

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आजी म्हणायची. पक्षी बघायला बाहेर पडायचा विचार बहुतेकांच्या मनात डिसेंबरात येतो आणि नाताळच्या सुट्टीतल्या गर्दीत विरून जातो. माझ्या मते नवशिक्यानं सुरुवात करावी ती थंडी सरता सरता, माघ-फाल्गुनात. झाडांची पानं गळलेली असतात, त्यामुळे पक्षी दिसतो. काटेसावर, पांगारा, पळस फुललेले असतात, त्यामुळे तो एका जागी थांबतो. बागेतल्या नरांना विणीचा पोशाख चढायला लागलेला असतो. आणि धरणांचं पाणी ओसरून चिखलाचे काठ उघडे पडलेले असतात, तिथे परतीच्या प्रवासाआधी पोट भरून घ्यायला थवे उतरतात.

मी सगळं उलट्या क्रमानं केलं. आधी कर्ज काढल्यासारखा खर्च करून मोठी लेन्स घेतली, मग पाणपक्ष्यांच्या थव्यांसाठी भिगवण गाठलं, आणि दोन वर्षांनी कळलं की आपल्याच गॅलरीसमोरच्या शेवग्यावर रोज येणारा पक्षी कोणता ते आपल्याला माहीत नाही. तुमचा क्रम सरळ राहावा म्हणून हे लिहितो आहे.

१. आधी खिडकी, मग भिगवण

पहिले पंधरा दिवस कुठेही जाऊ नका. सूर्य उगवल्यापासून तास-दीड तासात कधीही पंधरा मिनिटं एकाच जागी बसा. गॅलरी, गच्ची, सोसायटीतला बाक, काहीही चालेल. हातात चहा चालेल, फोन नको.

शहरातल्या साध्या बागेतही या दिवसांत इतके तरी भेटतात: लालबुड्या बुलबुल, दयाळ, शिंपी, जांभळा सूर्यपक्षी, राखी वटवट्या, तांबट, साळुंकी, होला, भारद्वाज, कोतवाल, वेडा राघू, आणि नशीब असेल तर शेपूट पंख्यासारखी उघडत नाचणारा नाचण. यांतले दहा नीट ओळखता येईपर्यंत अकराव्याच्या मागे लागू नका. ‘नीट’ म्हणजे पाठमोरा, सावलीतला आणि नुसत्या आवाजावरूनही.

आवाज आता सोपे जातात, कारण गाणी सुरू झालेली असतात. तांबट टुक-टुक-टुक करत तासन् तास एका लयीत ठोकत राहतो. दयाळ पहाटे अँटेनाच्या टोकावर चढून शीळ घालतो. जानेवारीत हाच दयाळ जमिनीवर मुकाट किडे वेचत असतो, तेव्हा लक्षही जात नाही.

सूर्यपक्षी जरा थांबून बघा. वीण संपली की नर मादीसारखा फिका पिवळा होतो. गळ्यापासून पोटापर्यंत एकच गडद रेघ राहते, शाईच्या पेनानं ओढल्यासारखी. थंडी सरताना त्या रेघेच्या आजूबाजूला चकाकते ठिपके फुटू लागतात आणि काही आठवड्यांत सगळा पक्षी निळा-जांभळा होतो. आमच्या खाली उभ्या असलेल्या स्कूटरच्या आरशातल्या ‘दुसऱ्या नराशी’ एक अर्धवट रंगलेला पठ्ठ्या सलग चार दिवस भांडत होता. शेवटी आरशावर जुना मोजा चढवला, तेव्हा कुठे त्याला स्वस्थता मिळाली. तुमच्याकडे असं झालं तर मजा बघत बसू नका, आरसा झाका. बिचारा खाणंपिणं सोडून लढत असतो.

२. दुर्बीण आधी, कॅमेरा नंतर

एवढं एक ऐकाच. सगळे पैसे एकदम कॅमेऱ्यात घालू नका. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवशिक्याला हीच बरी. दुकानदार १०, १२ किंवा २० पटीची दाखवेल. पट वाढली की हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि दिसणारा भाग आकसतो. फांदीवरचा वटवट्या शोधेपर्यंत तो तिसऱ्या झाडावर पोचलेला असतो.

दुर्बीण वापरायची युक्ती एकच: नजर पक्ष्यावरून हलवायची नाही, दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधायला गेलात तर फक्त पानं दिसतील.

सोबत एवढं ठेवा:

- दुर्बीण, पट्टा गळ्यात अडकवलेला (हातात धरलेली दुर्बीण एक दिवस पाण्यात जाते)
- खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. पेनाची शाई दवानं पसरते
- मर्लिन हे पक्षी ओळखायचं मोफत ॲप, भारतातल्या पक्ष्यांचा संच घरच्या वायफायवर आधीच उतरवून
- मातकट, खाकी किंवा फिकट हिरवे कपडे आणि टोपी
- कॅमेरा असेल तर जादा बॅटरी, जादा कार्ड आणि लेन्स पुसायचं कापड
- जुन्या जीन्सचा गुडघ्याखालचा पाय दोन्हीकडून शिवून आत दीड-दोन किलो तांदूळ भरलेली पिशवी

शेवटची वस्तू हसण्यावारी नेऊ नका. बोटीच्या काठावर, गाडीच्या खिडकीवर, बांधावर ती ठेवायची आणि वर लेन्स टेकवायची. हलत्या बोटीत ट्रायपॉड काही कामाचा नाही. ही पिशवी मात्र कामाची.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर नवशिक्यासाठी दोन रस्ते आहेत. एकाच अंगात मोठा झूम असलेला ब्रिज कॅमेरा, किंवा साधी जुनी डीएसएलआर बॉडी आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स. दोन्ही सेकंडहँड मिळतात. सेकंडहँड लेन्स घेताना ती टॉर्चसमोर धरून आतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. स्वस्तात मिळाली तरी परत द्या.

३. एक परळ, एक झाड

बागेतल्या पक्ष्यांचे चांगले फोटो त्यांच्या मागे धावून मिळत नाहीत. ते येणारच अशा ठिकाणी आपण आधी जाऊन बसायचं.

पहिलं ठिकाण पाण्याचं. मातीचं पसरट परळ, दोन बोटं पाणी, मध्ये एखादा खडबडीत दगड. खोल भांडं ठेवलंत तर लहान पक्षी काठावरून वाकून बघतील आणि निघून जातील. पाणी रोज बदला, परळ दोन दिवसांनी घासा. नाहीतर डासांची पैदास आणि पक्ष्यांना आजार. जवळ मांजर दबा धरेल असं झुडूप नको. पण हातभर उंचीवर एक सुकी फांदी जरूर लावा. पाण्यावर उतरण्याआधी पक्षी तिथे बसून अंदाज घेतो, आणि तोच तुमचा फोटो असतो.

धान्याबद्दल माझं मत थोडं कडू आहे. मूठ-मूठ ज्वारी-तांदूळ टाकत राहिलं की चार महिन्यांत पारव्यांची फौज जमते, बाकीचे पांगतात, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू बोलणं सोडतात. पाणी ठेवा, पेरू-शेवगा-जास्वंद लावा, पुरे.

दुसरं ठिकाण फुललेलं झाड. काटेसावरीचं फूल जाड पाच पाकळ्यांचं, तळहाताएवढं, आत मधुरस साठलेला. सकाळी सातच्या सुमारास अशा एका झाडाखाली उभं राहिलात तर वीस मिनिटांत बुलबुल, साळुंक्या, कावळे, कोतवाल, खारी सगळे हजेरी लावून जातात. बुलबुल फुलात डोकं घालतो आणि वर काढतो तेव्हा कपाळावर पिवळे परागकण लागलेले असतात, भंडारा उधळल्यासारखे. मध्येच एखादं फूल थप्पकन पायाशी पडतं. दोन-चार दिवस त्याच वेळी, त्याच जागी गेलात की कोण कोणत्या फांदीवरून येतो ते पाठ होतं.

झाडाखालून मात्र फोटो काढू नका. खालून पोट आणि पांढरं आकाश एवढंच येतं. समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर कुणी ओळखीचं आहे का बघा, किंवा गच्चीवर जा. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आलात की साध्या कॅमेऱ्याचाही फोटो बदलतो.

याच झाडांवर संक्रांतीचा नायलॉन मांजा अजून लोंबत असतो. काठीनं काढता येईल तेवढा काढून कात्रीनं तुकडे करून कचऱ्यात टाका. अडकलेला, जखमी पक्षी मिळाला तर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

४. कॅमेऱ्याचे आकडे, अगदी कामापुरते

ऑटोवर ठेवू नका, पूर्ण मॅन्युअललाही घाबरू नका. शटर स्पीड तुम्ही ठरवा, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ३२०० करा. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, लेन्स जितकं उघडेल तितकं.

बसलेल्या लहान पक्ष्याला १/५०० ते १/१०००. हे पक्षी बसल्या जागीही सतत मान हलवतात. उडत्याला १/२००० किंवा जास्त. फोकस ‘सतत’ या प्रकारावर, आणि बिंदू डोळ्यावर. डोळा धूसर असेल तर पिसं कितीही कडक आली तरी तो फोटो पुसा.

उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) हा नवशिक्याचा मोठा घोळ. उजळ आकाशासमोरचा पक्षी काळा ठिक्कर येतो, तिथे +१ करा. उलट गडद पाण्यासमोरचा पांढराशुभ्र बगळा नुसता पांढरा डाग होतो, तिथे -०.७ करा. सूर्यपक्ष्याची चकाकी पिसांच्या रचनेतून येते, त्यामुळे ऊन तुमच्या पाठीमागून पडत नसेल तर तो सरळ काळाच दिसतो.

आणि सकाळी साडेनऊनंतर कॅमेरा बंद. तापलेल्या हवेत दूरचं सगळं लहरायला लागतं, लेन्स कितीही महाग असो.

५. थवे बघायला कुठे जायचं

पुण्याकडच्यांना भिगवण. सोलापूर रस्त्यावर साधारण १०० किलोमीटर, भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा. कुंभारगाव आणि डिकसळच्या बाजूनं मासेमारांच्या होड्या मिळतात. पहाटे साडेचारला निघालात तर उजाडताना पाण्यावर असाल. रोहित, चित्रबलाक, शेकाटे, कुरव, नदीसुरय, थापट्या आणि तलवार बदक, आणि नशिबानं पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात.

नाशिककरांना नांदूर मध्यमेश्वर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ. २०२०मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. होडी नको वाटणाऱ्यांना आणि लहान मुलं बरोबर असणाऱ्यांना हे जास्त सोयीचं.

मुंबई-ठाण्याकडे ठाणे खाडी. तिथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोठं. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा रोहित खाडीत चरतात. भरतीला पाणी चढलं की नेरुळच्या बाजूच्या पाणथळींवर येऊन विसावतात. हे न बघता गेलात तर नुसतं पाणी बघून परत याल. ऐरोलीहून वनविभागाच्या बोटी सुटतात, त्यांचं आरक्षण आधीच करा.

बरोबर न्यायचं: मूळ ओळखपत्र (अभयारण्याच्या प्रवेशाला लागू शकतं), प्रवेश आणि कॅमेरा शुल्कासाठी सुटे पैसे, प्यायचं पाणी, कॅमेऱ्यावर घालायला जाड प्लॅस्टिकची पिशवी. होडीचं भाडं माणशी की होडीचं, एक तास की दोन, हे चढण्याआधी स्पष्ट ठरवा. लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि दिलं की घाला.

६. ‘साहेब, उडवू का?’

माझ्या पहिल्या भिगवण-फेरीतला हा प्रश्न. समोर सत्तर-ऐंशी पट्टकादंब काठावर विसावले होते. काही जण एका पायावर, मान पाठीत खुपसून. नावाडीदादा वल्हं पाण्यावर आपटायच्या तयारीत. ‘सगळ्यांना उडतानाचाच पाहिजे असतो’, तो म्हणाला. आणि मी म्हणालो, ‘उडवा.’

वल्हं आपटलं. एकदम गोंगाट झाला आणि थवा उठला. मी बोट दाबून धरलं, एकशे चाळीस फोटो आले. घरी येऊन बघतो तर एकशे चाळीस शेपट्या! घाबरलेला पक्षी तुमच्यापासून दूर उडणार, तुमच्याकडे कशाला येईल? आणि या हंसांना पुढच्या काही आठवड्यांत परत हिमालय ओलांडायचा असतो. अंगावर चढवलेली चरबी हीच त्यांची शिदोरी. ती मी एकशे चाळीस शेपट्यांसाठी जाळायला लावली.

आता होडीत बसतानाच सांगतो, ‘दादा, उडवायचं नाही, लांबच थांबू, वेळ लागला तरी चालेल.’ एकदा सांगितलं की बहुतेक नावाडी खूश होतात, त्यांचेही श्रम वाचतात. मग वारा बघायचा. पक्षी उडताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडे ठेवतात. म्हणून वारा तुमच्या पाठीवर येईल अशी होडी लावायला सांगा, आणि जमलं तर ऊनही पाठीवर. मग उतरणारा प्रत्येक थवा समोरून, पंख पसरून, पाय पुढे काढून तुमच्याकडे येतो. पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाही; होडी स्थिर झाली, पक्ष्यांच्या माना परत पाठीत गेल्या, की मग सुरू होतं.

माना ताठ झाल्या, सगळे एकाच दिशेला चालू लागले, की समजा तुम्ही जास्तच जवळ आलात. तिथेच थांबा, किंवा मागे या.

शेव-गाठिया टाकून कुरवांचा घोळका जमवून फोटो काढणारे दिसतील. तळलेलं, मिठाचं खाणं पक्ष्यांचं नाही. त्या घोळक्यातले फोटोही सगळे एकसारखेच येतात. ड्रोन तर आणूच नका.

७. भोरड्यांची संध्याकाळ

हा भाग पहाटे उठवत नसलेल्यांसाठी. भोरड्या, म्हणजे पळसमैना: गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून येतात आणि एप्रिलपर्यंत परततात. ज्वारीच्या पट्ट्यात त्यांचे थवेच्या थवे असतात. संध्याकाळी रातथाऱ्याला जाण्याआधी ते आकाशात एकत्र फिरतात. धुराची चादर कुणी झटकावी तसा थवा वळतो, आकसतो, पुन्हा पसरतो. अचानक गोळा घट्ट झाला तर आजूबाजूला शिकारी पक्षी शोधा.

इथे मोठी लेन्स घरी ठेवा. फोनचा कॅमेरा किंवा साधी १८-५५ मिलिमीटरची लेन्स उत्तम. सूर्यास्ताआधी अर्धा तास पोचा, पश्चिमेकडे तोंड करा, खाली एखादं बाभळीचं झाड किंवा विजेचा खांब चौकटीत येऊ द्या म्हणजे थव्याचा आकार कळतो. व्हिडिओही घ्या.

शेत कुणाचं तरी असतं. बांधावरून जाताना ‘मामा, जरा पाखरं बघतो’ एवढं विचारा. माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणाऱ्याला भोरड्या कौतुकाच्या वाटत नाहीत, त्याची कणसं जात असतात. पण त्याच भोरड्या शेतातले नाकतोडेही फस्त करतात, हे तोही जाणतो. दोन्ही ऐकून घ्या. हरभऱ्यात पाय टाकू नका. हुरडा मिळाला तर नाही म्हणू नका.

८. ओळखताना हमखास होणारे घोळ

काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, ते बदक नव्हे, तो वारकरी. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण शेकड्यांनी जमून पाण्यावर चालल्यासारखे जाताना बघाल तेव्हा पटेल.

सगळे रोहित एकच नसतात. मोठा रोहित उंच, बराचसा पांढरट, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. लहान रोहित बुटका, जास्त गुलाबी, चोच गडद लाल, लांबून काळीच दिसते. ठाण्याच्या खाडीत लहानांची संख्या जास्त.

मर्लिनवर डोळे झाकून विश्वास नको. काळा कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याचा आवाज हुबेहूब काढतो, आणि ॲप शिक्रा दाखवून मोकळं होतं. आवाज ऐकला, पक्षी दिसला नाही, तर वहीत पुढे प्रश्नचिन्ह टाका. मी पहिल्या वर्षी ‘पाहिलेल्या’ पक्ष्यांतले अकरा नंतर खोडले.

९. लिहून ठेवा

फोटो हजारो साठतात आणि हरवतात. तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या एवढी ओळ मात्र राहते. हीच ओळ ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलीत तर तिचा अभ्यासकांनाही उपयोग होतो. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे जगभरची पक्षिगणना, असतो. भारत २०१३पासून त्यात आहे. कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी दिसलेले सगळे पक्षी मोजून नोंदवायचे. तुमची गॅलरी चालते, आणि पाच कावळे, दोन साळुंक्या एवढी यादीही चालते.

घरट्याचा फोटो मात्र टाकू नका, विणीच्या दिवसांत काढूही नका. घुबडाची बसायची जागा नकाशासकट टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे वीस कॅमेरे उभे राहतात.

शेवटच्या दर्शनाची तारीखही लिहा, पहिल्या दर्शनाइतकीच. आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर हिवाळाभर एक थिरथिरा शेपूट थरथरवत बसायचा. मार्चच्या अखेरीपर्यंत वहीत रोज एक बरोबरची खूण आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस खूण नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी मी लिहिलंय: ‘टाकी रिकामी. परळात बुलबुल.’